युग बदलले, चूल तीच!

व्यंगचित्रांच्या दुनियेत काहीही घडू शकते. डायनासोर क्रेनचे काम करतो, मोटार आकाशात उडते, कड्यावरून कोसळलेला माणूस कपडे झटकून उठतो. कल्पनाशक्तीला एवढी मोकळीक देणाऱ्या या माध्यमाला घरातील स्त्री-पुरुषांच्या कामांची वाटणी मात्र वेगळी करून पाहावीशी वाटली नाही.

अमेरिकेत ३० सप्टेंबर १९६० रोजी ‘एबीसी’ वाहिनीवर ‘द फ्लिंटस्टोन्स’ सुरू झाली. रात्रीच्या मुख्य वेळेत दाखविली जाणारी ही तेथील पहिली ॲनिमेशन मालिका. ‘द हनीमूनर्स’ या पन्नासच्या दशकातील विनोदी मालिकेचा साचा तिने उचलला होता. काळ अश्मयुगाचा, पण फ्रेड खाणीवर कामाला जाणार आणि विल्मा घर सांभाळणार! दोनच वर्षांनी हॅना-बार्बेरा यांनीच ‘द जेटसन्स’मधून शंभर वर्षांनंतरचे जग रंगविले. त्यात जॉर्ज कामावर जाऊन बटणे दाबतो आणि जेन गृहिणी असते. घरकाम करणाऱ्या ‘रोझी’ या यंत्रालाही बाईचाच अवतार मिळाला, कमरेला एप्रनसह. पुढे ‘कार्टून नेटवर्क’मुळे ही दोन्ही कुटुंबे भारतीय मुलांच्याही परिचयाची झाली.

डिसेंबर १९८९ मध्ये आलेल्या ‘द सिम्प्सन्स’ने ‘घरातला कर्ता पुरुष’ या प्रतिमेची यथेच्छ टिंगल केली. होमर आळशी, खादाड आणि बेजबाबदार. मात्र बाप जितका निष्काळजी, तितकी आई समंजस, हे गणितही त्याबरोबर आले. मालिकेला याची जाण होती. १९९२च्या एका भागात संसाराच्या रगाड्याने पिचलेली मार्ज भर पुलावर मोटार उभी करून वाहतूक रोखून धरते. १९९५च्या भागात ती पोलिसात भरती होते. पण भाग संपेपर्यंत राजीनामा देऊन घरी परतते.

हे परतणे या मालिकांच्या रचनेतच आहे. दर भागात घडी विस्कटायची आणि शेवटी पुन्हा बसवायची, म्हणजे पुढची गोष्ट नव्याने सुरू करता येते. हाडामांसाचे कलाकार मोठे होतात, कथेलाही पुढे सरकावे लागते. चितारलेला बार्ट मात्र दहा वर्षांचाच राहतो आणि मार्ज स्वयंपाकघरातच. शिवाय वीस-बावीस मिनिटांत हसवायचे, तर पाहताक्षणी ओळखू येणारी पात्रे सोयीची ठरतात.

या सोयीवरही ‘सिम्प्सन्स’नेच बोट ठेवले. गणित अवघड असल्याचे बोलणारी बार्बी बाहुली १९९२ मध्ये बाजारात आली आणि वादात सापडली. १९९४च्या भागात अशाच बोलक्या बाहुलीला वैतागून लिसा विचारी बाहुली तयार करवून घेते. दुकानात झुंबड उडते ती जुन्याच बाहुलीवर. तिला केवळ नवी टोपी घातलेली असते! लिसाची बाहुली एकच मुलगी उचलते.

पुढे चित्र थोडे बदलले. ‘किंग ऑफ द हिल’मधील (१९९७) पेगी शाळेत बदली शिक्षिका आहे, तर ‘बॉब्ज बर्गर्स’मध्ये (२०११) बॉब आणि लिंडा एकत्र उपाहारगृह चालवितात. गंमत म्हणजे लिंडाला आवाज जॉन रॉबर्ट्स या पुरुषाचा, तर बार्टला नॅन्सी कार्टराइट या अभिनेत्रीचा. आवाजाने ही सीमा केव्हाच ओलांडली. घरातील कामांच्या वाटणीला मात्र तिथवर पोहोचायला अर्धे शतक लागले. मुले हसत हसत पाहतात आणि हसत हसतच शिकतात, म्हणून या विलंबाकडे केवळ गंमत म्हणून पाहता येत नाही.