तू पाणी तळलंस!

चकली-लाडवांचे डबे दिवाळीच्या तिसऱ्या दिवसापासून आमच्याकडे कुणी उघडत नाही. भाऊबीजेला सगळ्यांना कोळंबी लागते, तीही रव्यात घोळून तळलेली. वर्षानुवर्षं हे काम आत्याचं होतं. तिचे गुडघे दुखायला लागल्यावर ते माझ्याकडे आलं आणि पहिल्याच वर्षी मी पंगत बुडवली. रवा सुटून कढईच्या तळाशी करपला, कोळंबी उघडी पडली आणि चावताना रबर. मी तेलाला दोष देत होतो. स्टुलावर बसलेली आत्या म्हणाली, “तेलाचं काय चुकलं? तू कोळंबी नाही रे, पाणी तळलंस.”

तेव्हापासून मी कोळंबीकडे पाण्याच्या हिशेबानेच बघतो.

हा हिशेब बाजारात सुरू होतो. ताज्या कोळंबीचं डोकं धडाला घट्ट असतं, सालाला चमक असते आणि वास समुद्राचा येतो. नाकात झिणझिण्या आल्या तर कोळिणीशी घासाघीस न करता पुढे चालू पडावं. पाचक रस तयार होतात ते डोक्यात. कोळंबी मेली की तेच रस शेजारचं मांस पिठूळ करू लागतात, म्हणून घरी आणल्या आणल्या डोकी काढावीत. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत बाजारात दिसते ती बरीचशी तळ्यातली वेनामी. मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची ही जात २००९ मध्ये आपल्याकडे संवर्धनाला परवानगी मिळाल्यावर पसरली, आंध्रात तर फारच. तळायला ती वाईट नाही. गोठवलेली घेतलीत तर मात्र सावध राहा. तिच्यावर बर्फाचा थर असतो, शिवाय काही वेळा ती फॉस्फेटच्या पाण्यात भिजवलेली असते. ते सगळं पाणी तुमच्या कढईत उतरतं. अशी कोळंबी चाळणीत घालून, खाली भांडं ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये सुटू द्यावी.

आकार बोटाएवढा पुरे. टायगर ताटात रुबाबदार दिसते, पण रवा काळा पडेपर्यंत ती आत कच्चीच राहते. करंदी भज्यांत घाला. रव्यात एकेक घोळवत बसलात तर जेवायला रात्र होईल.

सोलताना शेपटी ठेवा. पाठीला चीर देऊन काळा दोरा ओढून काढा. तो म्हणजे तिचं आतडं. खाल्लं म्हणून काही होत नाही, पण दाताखाली कचकच येते. धुऊन, निथळून झाल्यावरचं काम बहुतेक जण टाळतात, ते म्हणजे पुसणं. आत्याकडे त्यासाठी जुन्या सुती साडीचा तुकडा असे. एकेक कोळंबी ती बाळाचे कान पुसावेत तशी पुसायची.

मग हळद, तिखट, आलं-लसणाचं घट्ट वाटण, थोडं मीठ आणि आगळ. आगळ नसेल तर लिंबू. वीस मिनिटं बास. मीठ पाणी ओढून बाहेर काढतं, ते टाकून द्यायचं. आंबटात तासन्‌तास ठेवलं तर मांसातली प्रथिनं तिथेच आवळतात आणि कोळंबी भुसभुशीत होते. तीन भाग बारीक रवा आणि एक भाग तांदळाचं पीठ मिसळून त्यात ती दाबून घोळवा नि पाचेक मिनिटं ताटात पसरून ठेवा. तेवढ्यात रवा उरलेला ओलावा पितो आणि चिकटून बसतो. माझी घाई नडली ती इथेच.

तेल १७० ते १८० अंशांवर हवं. थर्मामीटर नसेल तर रव्याचे चार कण टाकून बघा, लगेच तडतडत वर आले पाहिजेत. तेलात उठणारे बुडबुडे तेलाचे नसतात. कोळंबीतलं पाणी वाफ होऊन बाहेर धावत असतं आणि त्या रेट्यामुळे तेल आत शिरत नाही. एकदम डझनभर कोळंबी टाकली की तेल गार होतं, वाफेचा जोर सरतो आणि रवा तेल पितो. एका वेळी पाच-सहाच सोडा. पृष्ठभाग कोरडा झाल्याशिवाय त्याला तांबूस रंग येत नाही. त्या खमंगपणामागची रासायनिक क्रिया मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली. आत्या मात्र कानाने ओळखायची. तडतड मंदावली की झारा घातलाच.

मध्यम कोळंबीला दोन मिनिटं पुरतात. साठेक अंशांना मांस शिजतं, पुढे ते फक्त आवळत जातं. कच्च्या कोळंबीतलं तांबडं रंगद्रव्य प्रथिनांत अडकून राखाडी दिसतं, उष्णतेने ती पकड सुटते. रव्याआड हे दिसत नाही, म्हणून तर शेपटी ठेवायची. ती लाल झाली आणि कोळंबी चंद्रकोरीसारखी वाकली की काढा. तिचं कडं झालं तर उशीर झाला.

काढल्यावर जाळीवर सुटी पसरा. झाकण ठेवू नका, हॉटपॉट तर नकोच. वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि सगळी मेहनत मऊ पडते. तळता तळता वाढा, तळणाऱ्याने शेवटी खावं.

आणि पाहुण्यांना आधी विचारून घ्या. काहींना कोळंबीचं वावडं असतं आणि ते ज्या प्रथिनामुळे होतं ते तळूनही नष्ट होत नाही. अशा पाहुण्यासाठी त्या तेलात पापडसुद्धा तळू नका.