संघटनेत गेलात तर पुढे जाल



सध्या माझा मुक्काम लेकीकडे कुवेतला आहे. राईच्या शुक्रवार बाजारात गेले की आपल्याकडच्या तरुण नर्सेस भेटतात. मी जुनी नर्स म्हटल्यावर प्रश्न ठरलेला, "मावशी, इतकी वर्षं स्टाफ नर्सच आहे. इन्चार्ज कधी होणार?" काम चोख पाहिजेच. पण बायकांची संघटनाही पाठीशी लागते. कशी, ते आपल्याच डॉ. जेरुशा झिराड यांच्या काळावरून सांगते.

मुंबईचे कामा हॉस्पिटल १८८६ साली सुरू झाले. तिथे उपचार बायकांवर आणि डॉक्टरही बायकाच, त्यामुळे प्रमुखाची जागाही बाईलाच मिळे. पण देशात अशा जागा होत्या किती? १९०७ साली स्त्री डॉक्टरांनी आपली संघटना काढली. तिने सरकारकडे मागणी लावून धरली आणि १९१४ साली स्त्री डॉक्टरांची वेगळी सेवा, विमेन्स मेडिकल सर्व्हिस, सुरू झाली. एकटीदुकटीचा अर्ज कोणी वाचला असता का?

जेरुशाबाई १९१९ साली लंडनला एम.डी. झाल्या आणि १९२८ ते १९४७ कामाच्या प्रमुख होत्या. त्यानंतर दहा वर्षे त्या स्त्री डॉक्टरांच्या याच संघटनेच्या अध्यक्ष होत्या. त्याआधी तरुणपणीच त्यांनी आपल्या समाजातल्या बायकांचे स्त्री मंडळ उभारले होते. सभा चालवणे, हिशेब ठेवणे, चार माणसांत बोलणे ही पुढारपणाची शाळा अशा मंडळातच भरते.

आम्हा नर्सेसची ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन १९०८ पासून आहे. कुवेतमध्येही भारतीय नर्सेसची संघटना आहे. अशा ठिकाणी तीन गोष्टी मिळतात. पहिली, खबर: कुठे जागा निघाली, कोणता कोर्स केला तर बढतीला धरतात, फॉर्मची शेवटची तारीख कोणती. दुसरी, ओळख: वरच्या जागेवरची बाई तुमचे काम बघते आणि वेळ आली की तुमचे नाव पुढे करते. तिसरी, सराव: वॉर्डात नुसते हुकूम ऐकणारी मुलगी इथे सेक्रेटरी होऊन दहाजणींना कामाला लावते.

नुसती वर्गणी भरून मात्र काही होत नाही. मीटिंगला जा, एखादे काम अंगावर घ्या. आणि ज्या आज मेट्रन, सुपरिंटेंडेंट आहेत त्यांना माझे सांगणे: निवृत्तीआधी निदान दोघी तरुण मुलींना तयार करा. नाहीतर हुशार मुलगी तारीख न कळल्यामुळे आहे त्याच जागेवर निवृत्त होते.