औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी आणि हिवाळी सुट्टी : विश्रांती व व्यावसायिक विकास
(कोयनानगर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

महाविद्यालयीन जीवनात सुट्टीचा विचार सहसा वेळापत्रकाचा एक भाग म्हणूनच केला जातो. सुट्टीत विद्यार्थ्याचे काय होते, याकडे शिक्षक म्हणून आपले फारसे लक्ष जात नाही. औषधनिर्माणशास्त्र शाखेत तर हिवाळी सुट्टीला निश्चित असे स्थानही नाही. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१४ च्या बी. फार्म. विनियमांनुसार विषम सत्र जून-जुलै ते नोव्हेंबर-डिसेंबर आणि सम सत्र डिसेंबर-जानेवारी ते मे-जून असे चालते. या दोन सत्रांच्या सांध्यावर जो थोडा अवकाश मिळतो, तीच या विद्यार्थ्यांची हिवाळी सुट्टी होय. परीक्षा लांबल्या की हा अवकाश आणखी आक्रसतो आणि उरलेले दिवस राहिलेले विषय, जर्नल व स्पर्धा परीक्षेची तयारी यांत संपतात.

या अवकाशात विद्यार्थ्याने विश्रांती घ्यावी की करिअरची तयारी करावी, असा प्रश्न पालक व प्राध्यापक नेहमी विचारतात. या दोन गोष्टी परस्परविरोधी मानणे हीच मूळ चूक आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील कोयनानगर परिसराचे उदाहरण घेतले आहे.

विश्रांतीची आवश्यकता

औषधनिर्माता हा डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामधील शेवटचा तपासनीस असतो. सारख्या नावांची दोन औषधे, मात्रेतील दशांश चिन्ह, मुलाचे वजन या बाबी त्याच्या नजरेतून सुटल्या तर पुढे त्या तपासणारा कोणी नसतो. म्हणून सावध लक्ष हे या व्यवसायाचे प्रमुख साधन आहे आणि थकव्याचा पहिला आघात लक्षावरच होतो. रात्र-रात्र जागून परीक्षा देण्याची जी सवय विद्यार्थिदशेत जडते, तीच पुढे औषधांच्या काउंटरवर सोबत येते.

वाचलेला विषय स्मृतीत स्थिर होण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झोपेत होते, हे आता सर्वमान्य आहे. अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ मध्ये १८ ते २५ वर्षे वयोगटासाठी ७ ते ९ तास झोपेची शिफारस केली. सत्र परीक्षेच्या काळात आपल्या वसतिगृहांत हे प्रमाण क्वचितच पाळले जाते. त्यामुळे सुट्टीचे पहिले चार-पाच दिवस केवळ झोपेची घडी पूर्ववत बसवण्यासाठी दिले, तरी तो वेळ वाया गेला असे म्हणता येणार नाही.

विश्रांती म्हणजे निष्क्रियता नव्हे

साबिने झोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये थकव्यातून सावरण्याचे चार घटक मांडले. कामापासून मानसिक अलिप्तता, शरीर-मनाचे शिथिलीकरण, एखादे नवे कौशल्य आत्मसात केल्याचा अनुभव आणि आपला वेळ आपण ठरवण्याची मोकळीक, हे ते घटक होत. यांपैकी तिसरा व चौथा घटक शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा. स्वतः निवडलेले, झेपेल असे नवे काम माणसाला थकवत नाही, उलट ताजेतवाने करते. मात्र तेच काम सक्तीने लादले की त्याचा गृहपाठ होतो. विश्रांती आणि विकास यांना जोडणारा दुवा येथे सापडतो.

सुट्टीचा चांगला परिणाम कामावर परतल्यावर काही आठवड्यांतच ओसरतो, असेही सुट्टीविषयक संशोधनात दिसून आले आहे. म्हणजे वर्षातून एकदा मोठी विश्रांती पुरेशी नाही. मे महिन्याच्या सुट्टीचा हवाला देऊन डिसेंबरची सुट्टी गिळंकृत करणे म्हणूनच योग्य ठरत नाही.

कोयनानगर : एक जवळचे उदाहरण

कराड, सातारा व सांगली येथे औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत. तेथील विद्यार्थ्यांना कराड-चिपळूण मार्गावरील कोयनानगर दूर नाही. पावसाळ्यात सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस झेलणारा हा परिसर हिवाळ्यात निरभ्र व थंड असतो. शिवसागर जलाशयालगतचे कोयना अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. २०१० मध्ये ते चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग बनले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. निसर्गाच्या सान्निध्यात थकलेले लक्ष पुन्हा सावरते, हा रेचेल व स्टीफन कॅप्लन यांचा सिद्धान्त पडताळून पाहण्यास याहून सोयीचे ठिकाण शोधावे लागणार नाही.

याच जंगलपट्ट्यात नरक्या नावाचा वृक्ष आढळतो. १९६६ मध्ये वॉल आणि वाणी यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केले. १९७२ मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन यांना तेच द्रव्य भारतातील नरक्यात आढळले. पुढे कॅम्प्टोथेसिनपासून तयार केलेल्या टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन या औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मागणी वाढताच सह्याद्रीत या वृक्षाची बेसुमार तोड झाली. वनस्पतिजन्य औषधशास्त्र, औषधी रसायनशास्त्र, औषधक्रियाशास्त्र आणि कायदा हे चार विषय वर्गात वेगवेगळ्या तासांना शिकवले जातात, परंतु येथे ते एकाच झाडाखाली एकत्र येतात. वन विभागाची परवानगी घेऊन, माहीतगार मार्गदर्शकासह हा वृक्ष पाहिलेला विद्यार्थी तो सहसा विसरणार नाही. अभयारण्यातून पानही तोडता येत नाही, हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चा धडाही त्याला तेथेच मिळतो. वहीतील टिपण आणि छायाचित्र एवढेच त्याने सोबत आणावे.

व्यावसायिक विकासाची मर्यादित चौकट

हिवाळी सुट्टीत औद्योगिक प्रशिक्षण उरकून घ्यावे, असा आग्रह अनेकदा धरला जातो. वस्तुतः बी. फार्म. विनियमांनी चार आठवड्यांत विभागलेले किमान १५० तासांचे प्रशिक्षण सहाव्या सत्रानंतर व सातव्या सत्रापूर्वी, म्हणजे उन्हाळ्यात ठेवले आहे. डी. फार्म.साठीही ५०० तासांच्या प्रात्यक्षिक प्रशिक्षणाची स्वतंत्र तरतूद आहे. तेव्हा हे ओझे दोन आठवड्यांच्या सुट्टीवर टाकण्याचे कारण नाही.

जीपॅटबाबतही हेच म्हणता येईल. या परीक्षेचा अभ्यासक्रम संपूर्ण पदवीभर पसरलेला आहे. थोडा-थोडा आणि अंतराने केलेला अभ्यास अधिक टिकतो, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते. सुट्टीत रोज एखादा तास पुरेसा आहे आणि तोही विद्यार्थ्याने स्वेच्छेने दिलेला असावा.

याउलट गावी परतलेल्या विद्यार्थ्याला एक काम सहज करता येते. ते म्हणजे आपल्या घरातील औषधांचा डबा उघडणे. आजी-आजोबांच्या गोळ्यांची यादी करावी, मुदत संपलेली औषधे बाजूला काढावीत, एकच औषध दोन नावांनी चालू आहे का ते पाहावे आणि शंका आल्यास स्वतः बदल न करता डॉक्टरांना विचारण्यास सांगावे. एखाद्या औषधाचा त्रास झाल्याचे आढळले, तर भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाकडे त्याची नोंद कशी करतात हेही समजून घ्यावे. या कामाला ना शुल्क लागते ना प्रमाणपत्र, पण रुग्णाशी बोलण्याची पहिली तालीम येथेच होते. घरच्या शेतीत किंवा दुकानात मदत करणाऱ्या विद्यार्थ्यालाही हे जमण्याजोगे आहे.

प्राध्यापकांची भूमिका

वरील विवेचनाच्या आधारे पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१. सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात कोणतेही लेखी काम देऊ नये.
२. जर्नल व प्रकल्पांच्या अंतिम तारखा सुट्टी संपताच लगेच ठेवू नयेत.
३. निसर्गभेट किंवा घरगुती औषधांची यादी असे उपक्रम ऐच्छिक ठेवावेत आणि त्यांना गुण देऊ नयेत.
४. अनुत्तीर्ण विषय असलेल्या विद्यार्थ्याशी सुट्टीपूर्वी बोलून त्याला मोजका व झेपेल असा अभ्यास आखून द्यावा, कारण विश्रांतीची सर्वाधिक गरज त्यालाच असते.
५. सम सत्राच्या पहिल्या तासाला सुट्टीत काय पाहिले, हे विद्यार्थ्यांकडून ऐकून घ्यावे.

समारोप

औषधाची मात्रा कमी पडली तर गुण येत नाही आणि जास्त झाली तर अपाय होतो, हे आपण विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून शिकवतो. हाच नियम त्यांच्या श्रमाला व विश्रांतीला लागू करण्याची जबाबदारी मात्र आपण क्वचितच घेतो. विश्रांतीमुळे सावध झालेले मन आणि स्वेच्छेने मिळवलेला एखादा अनुभव घेऊन विद्यार्थी जानेवारीत वर्गात परतला, तर हिवाळी सुट्टी सार्थकी लागली असे मानावयास हरकत नाही.