मिरची-टोमॅटोविना पौष्टिक रस्सा
आमवातासारख्या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. वांगी, बटाटा, टोमॅटो व मिरची या एकाच वनस्पतिकुळातील भाज्यांनी त्रास वाढतो, असा काही रुग्णांचा अनुभव आहे. तथापि त्या सर्वांनाच अपायकारक असल्याचे सिद्ध झालेले नाही. वैद्यकीय सल्ल्याने त्या काही आठवडे वर्ज्य करावयाच्या झाल्यास लाल भोपळा, गाजर, दुधी व रताळे यांच्या फोडी आले-हळदीसह तेलात परतून पाण्यात मऊ शिजवाव्यात. रताळे हे बटाट्याच्या कुळातील नव्हे. आंबटपणासाठी कोकम वापरावे. नारळाचे दूध शेवटी घालून उकळी येऊ देऊ नये. अनेक तयार मसाल्यांत मिरची असते, हे ध्यानात ठेवावे. नंतर एकेक भाजी पुन्हा सुरू करून परिणाम पाहावा. औषधोपचार मात्र खंडित करू नयेत.