खाडे

एकलहऱ्याच्या कॉलनीतलं क्वार्टर सोडायच्या आदल्या दिवशी माळ्यावरून कालनिर्णयांची गुंडाळी निघाली. १९९७ पासूनची. दुधाच्या हिशेबासाठी बायकोनं जपलेली. लाल शाईतले खाडे तिचे. तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेला आकडा मात्र माझा. त्या दिवशी तबल्यावर किती मिनिटं बसलो, त्याचा. बसलो नाही तर फुली. आवराआवर राहिली बाजूला, मी महिनेच्या महिने उलटत बसलो.

तबला धरला तेव्हा पस्तिशी गाठली होती. नोकरी औष्णिक वीज केंद्रात, पाळ्या फिरत्या. नाशिक रोडला क्लास लावला, पण घरी वाजवायचं कधी? वीज केंद्राच्या कॉलनीत दिवसाच्या कुठल्याही वेळी कुणीतरी रात्रपाळी करून झोपलेलं असतं. वरच्या मजल्यावरचे काका दोनदा खाली आले. बोलले काहीच नाहीत, नुसते दारात उभे राहिले. मग पाटावर गोधडीची घडी टाकून त्यावर बोटं चालवायला लागलो. काही महिन्यांनी गुरुजींनी क्लासमध्ये एकट्याला वाजवायला लावलं, तर ‘ना’ला तर्जनी काठाच्या चाटेवर पडायच्या ऐवजी मैदानात घसरत होती. गोधडीला चाट कुठली असायला? शेवटी काकांकडे जाऊन दर आठवड्याची वेळ ठरवून घ्यायला लागलो. त्यांची पाळी आणि माझी पाळी यांचा मेळ घालणं तीनतालापेक्षा अवघड होतं.

पाळ्यांनी माझा रियाज खाल्ला, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. कालनिर्णय तसं म्हणत नाही. आमच्याकडच्या २१० मेगावॉटच्या एका सेटचं ओव्हरहॉल होतं, रोज बारा-बारा तास जात होते, त्या महिन्यात १५, २०, १५ असे आकडे आहेत आणि फुली एकच. दिवाळीच्या रजेत सगळ्या फुल्या. एका मे महिन्यात तर मी चिल्ल्याला बसलो होतो. जुने उस्ताद चाळीस दिवस जगाला दार लावून रियाज करायचे, हे ऐकून अंगात आलेलं. पहिल्या दिवशी १८०. नवव्या दिवशी २५. पुढे कामावर रुजू होईपर्यंत फुल्याच. ड्यूटीला निघायची वेळ ठरलेली असली की तिच्याआधीची वीस मिनिटं हाताला लागायची. रजेत ती दुपारी सापडतील, संध्याकाळी सापडतील, असं करत झोपायची वेळ व्हायची.

परीक्षांचंही तेच. विष्णु दिगंबर पलुस्करांची अखेरची वर्षं आमच्या नाशिकच्या पंचवटीतली. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी संगीताला वर्ग दिला, वेळापत्रक दिलं. ते गेले त्याच वर्षी, १९३१ मध्ये, शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. त्याच मंडळाच्या प्रवेशिका, मध्यमा या पायऱ्या मी चढत होतो. मध्यमाच्या आधी दोन महिने आकडे साठ-सत्तरच्या घरात, आणि परीक्षा आटोपल्यावर अख्खा पावसाळा कोरडा. वेळापत्रकासाठी मी बुवांना हात जोडतो. परीक्षेनं मला तरी धाव घ्यायला शिकवलं आणि मग बसवून ठेवलं. पुढे विशारदचा फॉर्म भरलाच नाही. त्या वर्षी सगळ्यात कमी खाडे.

२००३ च्या ऑगस्टशी हात थांबला. वडील गेले ते दिवस. आम्ही सगळे गावी होतो, क्वार्टरला कुलूप. तेरा दिवस दुधाचे खाडे आहेत, आणि प्रत्येकाच्या शेजारी एक फुलीही, तीसुद्धा लाल शाईतच. गावाहून परतल्यावर तिनं एका बैठकीत दोन्ही हिशेब पुरे केले असणार. मला कधी बोलली नाही.

चौदाव्या दिवशी पेन्सिलीत, माझ्या अक्षरात, १० लिहिलंय. काय वाजवलं ते आठवत नाही.