निर्मनुष्य किनाऱ्यांचा तांडेल

नंदादेवीच्या ७,८१६ मीटर उंचीच्या माथ्यावर १९३६ च्या ऑगस्टात प्रथम पाऊल ठेवणाऱ्या दोघांपैकी एक, बिल टिल्मन, यांनी पन्नाशी उलटल्यावर हिमालयाचा निरोप घेऊन समुद्राची वाट धरली, तेव्हा त्यांनी पर्वत सोडले असे म्हणणे यथार्थ होणार नाही. पायथा गाठण्यास हमालांच्या जागी आता शिडे आली, इतकेच. १९५४ साली खरेदी केलेली त्यांची ‘मिस्चिफ’ ही बंदराकडे येणाऱ्या जहाजांवर वाटाडे पोहोचविण्यासाठी १९०६ साली कार्डिफला बांधलेली पंचेचाळीस फुटी लाकडी नौका. संदेश धाडणारे बिनतारी यंत्र तिच्यावर नव्हते; जो स्वखुशीने संकटात शिरतो त्याला इतरांस मदतीस बोलावण्याचा हक्क पोहोचत नाही, असा त्यांचा दंडक होता.

हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, ‘गरजणाऱ्या चाळीस’ वाऱ्यांच्या पट्ट्यात, दप्तरी फ्रान्सची परंतु प्रत्यक्षात पेंग्विनांच्या अमलाखालची क्रोझे बेटे आहेत. १९५७ च्या पहिल्या खेपेस वादळांनी नौका जेरीस आणली आणि टिल्मन यांनी निमूटपणे सुकाणू फिरवून, आफ्रिकेला वळसा घालून घर गाठले. १९५९-६० च्या दुसऱ्या खेपेस मात्र ते तेथील पझेशन बेटावर उतरले आणि पुढे केर्गेलेन बेटालाही गेले. महिनोन्‌महिने पाणी कापायचे आणि जमिनीवरचा मुक्काम मोजक्या दिवसांचा, हा व्यवहार हिशेबी माणसास आतबट्ट्याचाच वाटेल.

त्या व्यवहाराचे मर्म हर्ड बेटावर कळते. वॉरविक डीकॉक यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेची नौका ‘पातानेला’ १९६४ च्या नोव्हेंबरात सिडनीहून तिकडे निघाली, तेव्हा तिचे तांडेल टिल्मन होते. फुटत्या लाटांतून पाच जण रबरी होडीने किनाऱ्यास लागले; नौकेस तेथे निर्धास्त नांगर टाकण्याजोगी जागा नसल्याने ती केर्गेलेनला जाऊन पुन्हा त्यांना घेण्यास आली. दरम्यान, २५ जानेवारी १९६५ रोजी, बेटावरच्या २,७४५ मीटर उंचीच्या जागृत ज्वालामुखीचा माथा मानवाने प्रथमच गाठला, आणि ज्याची सारी ख्याती पर्वतांवरची, तो मनुष्य त्या घटकेस शिखरावर नव्हे, तर परतीची हमी सांभाळीत नौकेवर होता.

खर्चाची बाजूही लहान नव्हती: दक्षिण शेटलंड बेटांच्या सफरीत एक सोबती समुद्रात गेला, १९६८ साली यान मायेननजीक ‘मिस्चिफ’ बुडाली, आणि १९७२ साली ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर तिच्या मागून आलेली नौकाही गेली. १९७७ साली, ऐंशीव्या वर्षात, टिल्मन एका तरुणाच्या हुकमतीखाली साधे खलाशी म्हणून, शिडे चढविलेल्या जुन्या टगनौकेवरून दक्षिण शेटलंडमधील स्मिथ बेटाकडे निघाले. नोव्हेंबरात रिओहून सुटलेली ती नौका फॉकलंडला पोहोचलीच नाही. निर्मनुष्य बेटावर वाट पाहणारे कोणी नसते. वाट पाहिली गेली ती वाटेवरच्या फॉकलंडच्या बंदरात.