पोट फुगते, ते नेहमी गॅसनेच असे नाही

आमच्या अकोल्यातील जठारपेठेत काय किंवा इतर वस्तीत काय, बाईचे पोट फुगले की ओवा खाऊन ती कामाला लागते. रोज बुडेल म्हणून दवाखाना टाळते. परंतु पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोट दुखणे, वारंवार लघवी लागणे ही लक्षणे ३ आठवडे टिकली तर दवाखाना गाठलाच पाहिजे. बहुधा कारण साधेच निघते; पण ते अंडाशयाचा कर्करोगही असू शकते. पन्नाशी ओलांडलेल्या आणि आई-बहिणीला हा रोग झालेल्या भगिनींनी अधिक सावध राहावे.

सोनोग्राफी केवळ गरोदर बाईची, हा समज सोडावा. ध्वनिलहरींच्या या तपासणीत अंडाशयावरील गाठ दिसते. नुसते पाणी असलेली, पातळ भिंतीची गाठ बहुधा साधी असते. गाठीत घट्ट भाग असेल, पोटात पाणी झाले असेल, तर संशय वाढतो. मग सीए-१२५ ही रक्ततपासणी करतात. चित्र स्पष्ट नसेल तर एम.आर.आय. उपयोगी पडते.

रोग किती पसरला हे पाहण्यासाठी छाती व पोटाचा सी.टी. स्कॅन काढतात. पहिल्या अवस्थेत रोग अंडाशय वा बीजनलिकेपुरता असतो; दुसरीत ओटीपोटात, तिसरीत पोटाच्या आवरणावर किंवा लसिका ग्रंथींत, चौथीत फुफ्फुसाभोवतीच्या पाण्यात, यकृताच्या आत किंवा आणखी दूर. ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी मात्र सी.टी.तही सुटू शकतात. म्हणून रोगाची खात्री गाठीचा तुकडा किंवा पाणी तपासूनच होते, आणि नेमकी अवस्था बहुधा शस्त्रक्रियेनंतरच ठरते.

मग धडधाकट बायकांनीही दरवर्षी सोनोग्राफी करावी काय? नाही. ब्रिटनमध्ये २ लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ साली आला. अशा तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत. लक्षणे असतील तिने मात्र थांबू नये.

तपासणीची सुरुवात सर्वोपचार रुग्णालयात करता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात; शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन आरोग्यमित्रांना भेटावे. सर्व फिल्म व रिपोर्ट एका पिशवीत जपावेत. पुढे नागपूर वा मुंबईला जावे लागले तर हीच पिशवी कामी येते.

घरची बाई दुखणे सांगत नसेल, तर घरच्यांनी विचारावे, एवढेच आमचे सांगणे.